ढीग उचलायचा कुणी

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट समजेल. दूध उतू गेलं तर मी दुधाशी भांडते, असं आमच्या घरात म्हणतात. पण मला आनंदही तसाच होतो, एकदम आणि मोठ्या आवाजात. आणि त्या वर्षी मला ज्याचा आनंद व्हायला लागला होता ते ऐकून माझी जाऊ कपाळाला हात लावायची. मला कचऱ्याचा आनंद व्हायला लागला होता.

घर जव्हारला. रोज सकाळी जीपमध्ये स्वतःला कोंबून मोखाड्याच्या अंगाला जायचं, तिकडच्या एका लहानशा पालिकेत आवक-जावकच्या टेबलावर बसायचं आणि संध्याकाळी परत. पालिका कुठली ते विचारू नका, मला अजून तिथेच नोकरी करायची आहे. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का, यात माझी निम्मी नोकरी सरली होती. मग नवे मुख्याधिकारी आले. माझ्या भाच्याच्या वयाचे, विदर्भाकडचे, शेतकी शिकलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कचऱ्याचं काम कोण बघतं म्हणून विचारलं, तर सगळ्यांनी फायलीत डोकी घातली. मी तेवढी वर बघत राहिले. झालं, कचरा माझ्या पदरात पडला.

आठ दिवस मी नुसती धुसफुसत होते. नवव्या दिवशी घंटागाडीत ड्रायव्हरशेजारी बसून गावात फिरले आणि काय सांगू तुम्हाला, माझा रागच उतरला. माणसाचं घर दारातून दिसतं त्याहून जास्त त्याच्या बादलीत दिसतं. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाचा उपास आहे, कुणाच्या लेकाने शाळेतला डबा न खाता परत आणलाय, सगळं उघड. आणि गाडीला दोन कप्पे असून लोक ओलं-सुकं एकाच पिशवीत गाठ मारून आणत होते. मी गाडीतून उतरायची, पिशवी तिथेच सोडायची, आणि वहिनी, या कालवणात ही औषधाची बाटली कशाला पोहतेय, असं चारचौघांत विचारायची. पहिल्यांदा दारं आपटली गेली. एका गृहस्थांनी माझी तक्रार लिहून आणली, ती मीच आवक केली. पण दोन महिन्यांत आळीन् आळी दोन बादल्या घेऊन उभी राहायला लागली. ड्रायव्हर म्हणायचा, गाडीवरच्या गाण्यापेक्षा मॅडमचा आवाज लांब जातो.

सुक्याचा प्रश्न नव्हता. प्लास्टिक, पुठ्ठा, काच शेडमध्ये वेगळं करायचं, भंगारवाला येऊन घेऊन जायचा. अडत होतं ते ओल्याशी. गावाचा ओला कचरा वर्षानुवर्षं रस्त्यापलीकडच्या उतारावर ओतला जात होता. मी तो उतार रोज जीपमधून बघत होते आणि नाकाला पदर लावत होते, यापुढे माझा विचार कधी गेला नव्हता. उताराच्या खाली काय आहे हे मला मावशींनी दाखवलं.

मावशी म्हणजे आमच्याकडे रोजंदारीवर सफाईला असलेली बाई. वय माझ्याहून बरंच जास्त, अंगाने काटक, बोलणं मोजकं. सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही. त्या मला "बाय" म्हणायच्या आणि अरेतुरे करायच्या, साहेबांनाही करायच्या. त्या उताराखालच्या पाड्यातल्या. एक दिवस दुपारी मला म्हणाल्या, चल, आणि मला घेऊन उतार उतरल्या. खाली दगडांच्या बेचक्यात झरा होता. उन्हाळ्यात बारीक, पण कधी न आटणारा. त्या सगळ्या पाड्याचं पिण्याचं पाणी ते. पाऊस लागला की वरचा सडका रस उतारावरून ओघळून त्यात यायचा. मग दसऱ्यापर्यंत बायका दोन टेकड्या ओलांडून पाणी आणायच्या. मावशींनी हे सगळं चार वाक्यांत सांगितलं आणि वर चढायला लागल्या. मी तिथेच उभी. इतकी वर्षं मी नाकाला पदर लावून जात होते आणि तो रस या बायांच्या पिण्याच्या पाण्यात उतरत होता. मला स्वतःचीच इतकी चीड आली की चढताना एकदाही दम लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या टेबलावर जाऊन बसलेच, खुर्चीत नाही, टेबलावर. गावाच्या दुसऱ्या अंगाला पालिकेचा एक लहान माळ पडून होता. ओला कचरा तिथे नेऊ, खत करू, उतार कायमचा बंद करू, असं मी एका दमात सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, खत होईलच, ते मलाही शिकवलंय, पण ते नेणार कोण? माळावर चार ढीग मावतात. ते उचलले गेले नाहीत तर नवा कचरा टाकायला जागा नाही, आणि मग गाड्या परत उतारावरच जाणार. म्हणून अट घातली. पाऊस लागायच्या आत शेतकऱ्यांनी आपण होऊन चारही ढीग उचलले, तर उतार बंद. नाहीतर पावसाळ्यापासून पूर्वीसारखं. मी हो म्हणून टाकलं. खत फुकट द्यायचं आणि ते कुणी नेणार नाही, असं होईलच कसं, असं मला वाटत होतं.

ढीग रचायचं काम मावशींकडे. मी छापील पुस्तिका हातात धरून वाचून दाखवायची. खाली काटक्या, मग वाळका पाला, मग शेण, मग ओला कचरा, वर मातीचा हात, पुन्हा पाला. पानगळीचे दिवस होते, सागाचा-ऐनाचा पाला पायाखाली कुरकुरत होता. मावशी माझ्या पुढे दोन थर असायच्या. मी "आता शेण" म्हणेपर्यंत शेण पसरून झालेलं असायचं, ते सुद्धा इतकं सारखं की हात फिरवावासा वाटावा. मी थक्क. कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, शिकवतंय कोन, दर साली आमी करतो. मी पुस्तिकेतलं पुढचं पान उलटलं. काय करता दर साली, हे विचारायचं मला सुचलं नाही.

आणि खत होत गेलं हो! ढिगात हात घातला की चटका बसायचा, इतका तो आतून तापलेला. मावशी पाणी मारायच्या, वरखाली करायच्या. आठवड्याच्या बाजारानंतरचा भाजीचा गाडाभर चोथा चार आठवड्यांत ओळखू येईनासा व्हायचा. घाण वास गेला, मातीचा वास आला. मी डब्यात थोडं घालून घरी नेलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. जाऊबाई उठून गेल्या. नवऱ्याने मात्र वास घेऊन बरंय म्हटलं, आणि मी दोन दिवस त्याच्याशी फार गोड वागले.

मग निघाले गिऱ्हाईक शोधायला. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, पाड्यापाड्यांतून. सूर्यमाळच्या बाजूलाही जाऊन आले. सगळीकडे पाट टाकून बसवलं, कोरा चहा दिला, माझं ऐकून घेतलं, आणि नाय म्हटलं. कुणी भांडलं नाही, नुसतं नाय. शेवटी मावशींच्याच पाड्यात गेले. तिथे मावशींचा थोरला दीर पाड्यातला जाणता माणूस, त्याचा शब्द सगळे मानायचे. म्हटलं, तुमच्याच झऱ्यासाठी हे चाललंय, तुम्ही तरी न्या. तो म्हणाला, गावचा खरकटा, कोनाचा उष्टा, कोनाचे केस, कोनाची नखं, त्यात आमी कणसरीचा दाणा पेरावा का? कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. मावशी दारात बसून तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. परत येताना मी सबंध वाट बडबड करत होते आणि बडबड करता करता रडत होते. मे महिना उजाडला होता आणि एक पाटी खत हललं नव्हतं.

त्यातच मला दोन दिवस पालघरला प्रशिक्षणाला बोलावलं. विषय काय, तर ओल्या कचऱ्यापासून खत! मी जाताना मावशींना ढिगांवर पाणी मारत राहा म्हणून बजावलं आणि गेले. तिथे थंडगार हॉलमध्ये पडद्यावर दुसऱ्यांचे ढीग बघत बसले. मला आपले ढीग जास्त देखणे वाटत होते, आणि मी ते शेजारच्या तिघींना सांगितलंही.

तिसऱ्या दिवशी सकाळी एसटीतून उतरले ती सरळ माळाकडे निघाले. वाटेतच धुराचा वास आला. मला वाटलं, कुणीतरी शेतात राब भाजतंय. आमच्या डोंगरात पेरणीआधी वाफ्यावर पाला, काटक्या, शेण, माती असे थर घालून ते भाजतात, मग त्या जागी भाताची, नाचणीची रोपं करतात. मे महिन्यात सगळ्या डोंगरभर तोच वास असतो. पण हा वास जवळ जवळ यायला लागला. मी पळत सुटले, या वयात, हातात बॅग घेऊन.

चारही ढीग काळे. वर राख, कडेने अजून धूर निघतोय, आणि मावशी फावडं टेकून उभ्या, चेहऱ्यावर काजळी. त्या क्षणी मला सगळं कळलं, निदान मला तसं वाटलं. थर त्यांनी इतके सुरेख का रचले, दर साली काय करतात, सगळं. त्यांनी राब रचला होता आणि वेळ आली तशी भाजला होता. आणि मी शहाणी, पुस्तिका वाचून दाखवत बसले होते.

माझं डोकं फिरलं. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. पाच महिन्यांचं काम मातीत घातलं, माझं नाक कापलं, हे तर बोललेच, पण जन्मात कधी त्यांना अहो-जाहो सोडून बोलले नव्हते ती अरेतुरेवर आले. आणि शेवटी म्हटलं ते मला आजही लख्ख आठवतं.

"तुझ्या पाड्याचं पाणी तू तुझ्या हाताने जाळलंस."

मावशींनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. फावडं शेडला टेकवून ठेवलं आणि सावलीत जाऊन बसल्या. मी पाठ फिरवली.

साहेबांना मीच सांगणं भाग होतं. दुसऱ्याकडून कळलं असतं तर त्यांनी मावशींनाच कामावरून काढलं असतं, आणि इतकं बोलूनही मला ते नको होतं, कारण ढिगाचं शेवटी काय करायचं हे मी त्यांना एकदाही सांगितलेलं नव्हतं. चूक माझी होती. घंटागाडी समोर उभी होती, तीत बसले आणि कचेरीकडे घे म्हटलं. आता गंमत बघा, गाडीचं गाणं काही केल्या बंद होईना. बटण बिघडलेलं. मी आत रडतेय, वर गाणं वाजतंय, आणि वाटेतल्या सगळ्या बायका दोन-दोन बादल्या घेऊन बाहेर पळत येतायत. ड्रायव्हर बिचारा प्रत्येकीला हात करून नंतर, नंतर म्हणत होता. एकीने तर माझ्याकडे बघून विचारलं, मॅडम, आज गाडी लवकर का?

साहेबांना मी उभ्या उभ्या सांगितलं. ढीग जळाले, दोष माझा, मावशींचा नाही, आता उतारच आहे, मला परत शिक्क्यावर बसवा. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"ओलं खत जळतं कसं?" ते म्हणाले.

मी हात घालून बघितलंच नव्हतं. पाच महिने रोज त्या ढिगांत कोपरापर्यंत हात घालणारी मी, त्या दिवशी लांबूनच आरडाओरडा करून निघून आले होते.

परत निघालो तेव्हा साहेब माझ्या शेजारी घंटागाडीतच बसले, गाणं चालूच. माळाच्या वळणावर आलो आणि ड्रायव्हरने गाडी उभीच केली, कारण पुढे वाट उरली नव्हती. उताराखालच्या पाड्यातल्या बायका, पुरुष, म्हातारेकोतारे, प्रत्येकाच्या हातात पाटी नाहीतर घमेलं. थोरला दीर पहिल्या ढिगावर उभा राहून फावड्याने खणत होता. वरची राख आणि भाजलेली माती बोटभर. त्याखाली ओलं, काळंभोर, भुसभुशीत खत, तसंच्या तसं. मी गाडीतून उडीच मारली. दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. गरम होतं, आणि वास पावसाळी जमिनीचा. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा की रडण्याचा हे मला विचारू नका, साहेबांनी दचकून चष्मा सांभाळला.

हळूहळू सगळं कळत गेलं. मी पालघरला गेले त्याच दिवशी मावशी दिराला आणि पाड्यातल्या चार कर्त्या माणसांना घेऊन माळावर आल्या होत्या. त्यांनी त्याला खत दाखवलं नाही, थर दाखवले. म्हणाल्या, हा राबच आहे, फक्त भाजायचा राहिलाय. मग सगळ्यांनी मिळून ढीग पसरून गुडघ्याएवढे केले, त्यावर मातीचा हात दिला, वर जंगलातला पाला, काटक्या आणि आपल्या घरचं शेण घातलं. तिसऱ्या दिवशी पहाटे वारा मंद असताना, आग सावकाश चालावी म्हणून, वाऱ्याच्या उलट्या अंगाने दिराने स्वतः काडी लावली. कचऱ्याला आग शिवली नाही. पण त्यांच्या लेखी आग त्यावरून गेली होती आणि गावाचं खरकटं तिथेच संपलं होतं. तरीही तो म्हणाला होता, मॅडम आल्याशिवाय पाटी भरायची नाही, वस्तू पालिकेची आहे. म्हणून मावशी पहाटेपासून माझी वाट बघत उभ्या होत्या.

साहेबांनी आधी धुराबद्दल कुरकुर केली, ते त्यांचं कामच होतं. उघड्यावर पाला जाळायचा नाही असा नियम आहे, पुढच्या वेळी दुसरं काहीतरी शोधू, असं म्हणाले. मग वाकून मूठभर खत घेतलं, बोटांत चुरलं, वास घेतला, आणि चेहरा एकदम शेतकऱ्याच्या पोरासारखा झाला. त्यांनी दिराला विचारलं, चारही नेणार?

"भाजलाय ना आमी," दीर म्हणाला. "आता आमचाच तो."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि उतारावर उद्याच कुंपण घालायचं पत्र तयार करा म्हणाले. आवक-जावक मलाच करायचं होतं. मी म्हटलं, साहेब, शिक्का माझ्या पिशवीतच आहे.

सगळ्यांची गडबड उडाली. पाट्या भरल्या जात होत्या, कुणी चुंबळ शोधत होतं, ड्रायव्हर टोपी काढून भराभर पाट्या उचलून डोक्यांवर देत होता, आणि गाणं वाजतच होतं. मावशी मात्र चौथ्या ढिगापाशी एकट्याच खाली बसून खतातून प्लास्टिकचा एक तुकडा वेचून काढत होत्या. मी जाऊन समोर बसले. माफी मागायची मला सवय नाही, शब्द जुळेनात. म्हणून उलटा प्रश्नच केला. एवढं सगळं ठरवलं होतंत, तर मी जायच्या आधी मला का नाही सांगितलंत?

त्यांनी हातातला तुकडा निरखून बघितला आणि बाजूला ठेवला.

"सांगला असता, तर तू भाजू दिला असता का?"

नसता दिला. पुस्तिका उघडून दाखवली असती. मी मान हलवली. मग म्हटलं, आणि सकाळी? मी एवढं नको नको ते बोलले, तेव्हा का नाही सांगितलं? मावशी पहिल्यांदा हसल्या.

"तू थांबलीस कवा, सांगाया?"

मी उठले, एक पाटी भरली आणि डोक्यावर घेतली. चुंबळ नीट बसली नव्हती, पाटी डुगडुगत होती, खत मानेवरून ब्लाउजमध्ये चाललं होतं. बायकांना हसू आवरेना. तशीच त्यांच्या रांगेत चालत गावातून आडवी गेले, रस्ता ओलांडला, उतार उतरले. दारादारांत बायका उभ्या राहून बघत होत्या, आमच्या जीपमधली एकजण तर तोंडाला हात लावून बघत राहिली. मला इतका आनंद झाला होता की मान मोडली असती तरी मी पाटी खाली ठेवली नसती.

खाली झऱ्यापाशी सगळ्या टेकल्या. मीही पाटी उतरवली आणि लांबच एका दगडावर बसले. सकाळचं माझं वाक्य माझ्याच कानात वाजत होतं. त्या पाण्याजवळ जायला मला तोंड नव्हतं. मावशींनी कळशीतून लोटा भरला, माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिनं मला सकाळी लय शिव्या दिल्या. घसा सुकला असंल तिचा. पानी द्या तिला."

लोटा हातोहात माझ्यापर्यंत आला. मी तिथे सगळ्यांसमोर रडले आणि तीन लोटे पाणी प्यायले.